४ जीबीच्या वरची फाइल: सी प्रोग्रॅममध्ये आकार कधी कमी, कधी उणे येतो

प्रश्न: धूळपाटी_२३

लॉग फायली तपासणारा सी मधला प्रोग्रॅम आहे. काम दोनच: दिलेला शब्द शोधायचा, आणि दर हजाराव्या ओळीची सुरुवात कितव्या बाइटवर आहे याची सूची वेगळ्या फाइलमध्ये लिहायची. दीड जीबीपर्यंत सगळं सुरळीत चालतं. त्यापुढे गडबड सुरू होते.

विंडोज ११, व्हिज्युअल सी, ६४ बिट बिल्ड. आकार गेटफाइलसाइझने घेतो (दुसरा आर्ग्युमेंट नल) आणि इंटमध्ये ठेवतो. बरोबर ५ जीबीच्या म्हणजे ५,३६,८७,०९,१२० बाइटच्या फाइलचा आकार १,०७,३७,४१,८२४ दाखवतो. दुसरी फाइल ६,६५,७१,९९,३०८ बाइटची आहे, तिचा आकार −१,९३,२७,३५,२८४ येतो. इंटच्या जागी लाँग लाँग केलं, तर उणे चिन्ह गेलं पण २,३६,२२,३२,०१२ आलं, म्हणजे तरीही चूकच.

एफसीकने शेवटी जाऊन एफटेल विचारलं तर −१. तेही लाँग लाँगमध्ये घेऊन पाहिलं, मागचे पाढे पंचावन्न.

एफसीक-एफटेलचा हाच कोड ६४ बिट लिनक्सवर बरोबर आकार देतो. ३२ बिट रास्पबेरी पाय ओएसवर मात्र एफओपनच नल परत करतो आणि एररनो ईओव्हरफ्लो (आकडा मावत नाही) येतो. बिल्ड ६४ बिट असूनही विंडोजवर असं का? आणि एकच सोर्स तिन्ही ठिकाणी चालवायचा तर कुठे कुठे हात घालावा लागेल?

उत्तर: बाइटवाला

तुमचे आकडेच सगळं सांगतायत. ६,६५,७१,९९,३०८ मधून २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ वजा करा: २,३६,२२,३२,०१२ उरतात. गेटफाइलसाइझ हेच परत करतो. खालचे ३२ बिट फंक्शनच्या परतीच्या किमतीत येतात, वरचे ३२ दुसऱ्या आर्ग्युमेंटमधून. तिथे तुम्ही नल दिलात, म्हणजे वरचा अर्धा टाकून दिलात. उरलेली किंमत २,१४,७४,८३,६४७ च्या वर असल्याने इंटमध्ये सर्वांत वरचा बिट चिन्हाचा समजला गेला आणि आकडा उणे झाला. ५ जीबीच्या फाइलला हाच हिशोब लावा, नेमका १ जीबी उरतो.

लाँग लाँगने फरक का पडला नाही? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. किंमत ३२ बिटांतूनच बाहेर पडली आहे, ती मोठ्या भांड्यात ओतून तिचे हरवलेले बिट परत येत नाहीत.

आता एफटेल. विंडोजवर बिल्ड ६४ बिट असलं तरी लाँग ४ बाइटचाच राहतो. ८ बाइट होतात ते पॉइंटर आणि साइझ_टी. ६४ बिट लिनक्सवर लाँग ८ बाइटचा असतो, म्हणून तिथे तुमचा कोड नशिबाने चालतो. एफटेलचा परतीचा प्रकार लाँग आहे. आकडा त्यात मावत नाही म्हटल्यावर तो −१ देऊन मोकळा होतो.

विंडोजवर हे बदला:

गेटफाइलसाइझच्या जागी गेटफाइलसाइझईएक्स. तो लार्ज_इंटिजर भरून देतो, त्यातला क्वाडपार्ट ६४ बिटांचा असतो. जुना गेटफाइलसाइझ दोन तुकड्यांत वापरायचा हट्ट असेल तर आणखी एक मेख आहे. चूक झाली की तो ०एक्सएफएफएफएफएफएफएफएफ देतो, पण एखाद्या धडधाकट फाइलचे खालचे ३२ बिटही तेवढेच असू शकतात. मग गेटलास्टएरर पाहिल्याशिवाय कळत नाही. त्या भानगडीत पडू नका.

एफसीक आणि एफटेलच्या जागी _एफसीकआय६४ आणि _एफटेलआय६४.

स्टॅट वापरत असाल तर नाव नीट बघा. व्हिज्युअल सी मध्ये साधा _स्टॅट हा आतून _स्टॅट६४आय३२ असतो. त्यातले ६४ तारीख-वेळेचे आहेत आणि आकार ३२ चाच. तुम्हाला _स्टॅट६४ हवा.

रास्पबेरी पायवरचं दुखणं वेगळं दिसतं पण मूळ तेच. ३२ बिट लिनक्सवर ऑफ_टी, म्हणजे फाइलमधली जागा सांगायचा प्रकार, मुळात ४ बाइटचा. २ जीबीच्या पुढची फाइल उघडून दिली तर प्रोग्रॅमला तिच्यातली जागा सांगताच येणार नाही, म्हणून कर्नल ती उघडतानाच अडवतो. ईओव्हरफ्लो तोच. उपाय: कंपाइल करताना −डी_फाइल_ऑफसेट_बिट्स=६४ द्या आणि एफसीको, एफटेलो वापरा. यांचा प्रकार ऑफ_टी आहे, लाँग नाही. ही व्याख्या सोर्समध्ये हॅश-डिफाइन करून लिहायची तर ती पहिल्या इन्क्लूडच्या आधी आली पाहिजे. नंतर लिहिली तर तिचा काही उपयोग नाही आणि कंपाइलर चकार शब्द काढत नाही. म्हणून मेकफाइलमध्येच ठेवा, आणि सगळ्या फायलींना ठेवा. एक फाइल या पर्यायासह आणि दुसरी त्याच्याविना कंपाइल झाली, आणि त्या दोघी ऑफ_टी किंवा स्ट्रक्ट स्टॅट एकमेकींना देत असतील, तर एक ८ बाइट देईल आणि दुसरी ४ घेईल. लिंकरला हे दिसत नाही. आकडे भलतेच येऊ लागतात आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

तिन्ही ठिकाणांसाठी आपलं एक छोटं हेडर करा: जागा_घ्या, जागा_ठेवा, आकार_घ्या अशी तीन फंक्शन्स, तिन्हींत इंट६४_टी. आत #इफ लावून विंडोजचं आणि पॉझिक्सचं (म्हणजे लिनक्स आणि पाय) वेगळं. बाकी कोडमध्ये लाँग हा शब्द फाइलमधल्या जागेसाठी दिसता कामा नये. साइझ_टी सुद्धा नको. विंडोजवर तो ८ बाइटचा आहे म्हणून चालून जाईल, पायवर ४ चा होईल.

उत्तर: सह्यकडा

बाइटवाला यांनी दाराशी काय होतं ते सांगितलं. आकडा घरात आल्यावरही त्याच्या वाटेत बरेच चोर बसलेले असतात, आणि साधारणपणे तिथेच दुसऱ्यांदा मार खावा लागतो. तुमच्या वर्णनावरून निदान चार जागा दिसतात.

गुणाकार. ५ * १०२४ * १०२४ * १०२४ असं लिहून ते इंट६४_टी मध्ये ठेवलं तरी गुणाकार इंटमध्येच होतो, कारण चारही आकडे इंट आहेत. डावीकडचा प्रकार उजवीकडच्या हिशोबात लक्ष घालत नाही. पहिला आकडा ५एलएल करा.

दोन अर्धे जोडणं. वरचा आणि खालचा डीवर्ड (विंडोजचा ३२ बिट चिन्हविरहित प्रकार) जोडताना (वरचा << ३२) | खालचा असं सरळ लिहिलं तर ३२ बिटांची किंमत ३२ ने सरकवली जाते, आणि सी मध्ये ते अव्याख्यात आहे. एक्स८६ प्रोसेसर सरकवायच्या आकड्याचे खालचे ५ बिटच पाहतो, ३२ चे ते शून्य, म्हणून बऱ्याचदा काहीच सरकत नाही. तुमच्या ५ जीबीच्या फाइलला वरचा अर्धा १ आहे. मग उत्तर १,०७,३७,४१,८२५ येतं, १ जीबी आणि वर १ बाइट. असा एकच बाइट जास्त दिसला की हीच चूक समजायची. आधी वरच्याला यूइंट६४_टी करा, मग सरकवा.

टक्केवारी. झालेले * १०० / एकूण हे इंटमध्ये असेल तर २,१४,७४,८३६ बाइटच्या पुढे, म्हणजे जेमतेम २१ एमबीला, गुणाकार फुटतो. प्रगतीपट्टी मागे पळते ती यामुळे. ६४ बिटांत केलंत की काळजी मिटली.

छपाई. इंट६४_टी साठी %डी लिहिलं तर प्रिंटएफ ४ बाइटच उचलतो. म्हणजे हिशोब बरोबर आणि छापलेला आकडा चूक. मग माणूस बरोबर कोड चुकीचा समजून बदलत बसतो. %एलएलडी लिहा, किंवा इंटटाइप्स.एच मधला पीआरआयडी६४ घ्या. मिंगडब्ल्यूवर (विंडोजसाठीच्या जीसीसीवर) जुन्या एमएसव्हीसीआरटी लायब्ररीशी जोडलं असेल तर %एलएलडी तिला कळत नाही. तिथे %आय६४डी, किंवा कंपाइल करताना __यूज_मिंगडब्ल्यू_एएनएसआय_एसटीडीआयओ=१.

हे सगळं डोळ्यांनी शोधू नका. व्हिज्युअल सी ला /डब्ल्यू४ द्या आणि सी४२४४ व सी४२६७ हे इशारे एकेक करून संपवा. जीसीसीला −डब्ल्यूकन्व्हर्जन आणि −डब्ल्यूफॉरमॅट. पहिल्यांदा शेकडो ओळी येतील. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात हे खरं, पण इशारा बंद करण्यासाठी कास्ट ठोकत सुटू नका. ज्या ओळीत आकार, जागा, ऑफसेट असं काही नाव आहे तिथे प्रकार बदला. कास्टने इशारा जातो, चूक जात नाही.

आता तुमची सूची. तिच्यात प्रत्येक नोंदीला ऑफसेट किती बाइटचा लिहिता? ४ असेल तर प्रोग्रॅम कितीही सुधारला तरी डिस्कवरची सूची ४ जीबीपाशी गुंडाळून पुन्हा शून्यापासून सुरू होईल. ८ करा. आणि स्ट्रक्ट जसाच्या तसा एफराइटने लिहू नका. ४ बाइटचा ओळ क्रमांक आणि ८ बाइटचा ऑफसेट असा स्ट्रक्ट ६४ बिटांवर १६ बाइटचा होतो, कारण मध्ये ४ बाइट रिकामे सोडले जातात. ३२ बिट एआरएमवरही १६. पण ३२ बिट एक्स८६ लिनक्सवर १२. एका यंत्रावर लिहिलेली सूची दुसऱ्यावर वाचायची असेल तर एकेक क्षेत्र स्वतंत्र लिहा, बाइटांचा क्रम ठरवून. सुरुवातीला ४ बाइटची खूण आणि आवृत्ती क्रमांकही लिहून ठेवा. जुनी सूची दिसली तर वाचायचा प्रयत्न न करता नव्याने बनवा. सूची ही मूळ फाइलवरून केव्हाही तयार होते, तिच्यासाठी जुन्या स्वरूपाचं ओझं वाहण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद: पायथनी

एवढा खटाटोप कशाला? पायथनमध्ये लिहा. तिथे पूर्णांकाला मर्यादाच नाही. नाहीतर रॅम वाढवा.

प्रतिसाद: बाइटवाला

रॅमचं म्हणाल तर आजार म्हशीला आणि औषध पखालीला. प्रश्न आकडा मावण्याचा आहे, फाइल मावण्याचा नाही.

पायथनमध्ये आकड्याची अडचण येत नाही हे बरोबर. पण तिथेही रीडलाइन्स लिहिलं की अख्खी फाइल मेमरीत येते, आणि प्रत्येक ओळ स्वतंत्र ऑब्जेक्ट असल्याने फाइलच्या आकारापेक्षा बरीच जास्त जागा खाते. फाइलवर सरळ फॉर लूप चालवा, एका वेळी एकच ओळ येते.

इतर भाषांतही भिंत आहेच, फक्त वेगळ्या ठिकाणी. जावात फाइलची लांबी ६४ बिट लाँगमध्ये मिळते, पण अॅरेचा निर्देशांक इंट असल्याने २ जीबीवर एका बाइट अॅरेत काही ठेवता येत नाही, आणि फाइलचॅनेलच्या मॅपलाही एका वेळी २,१४,७४,८३,६४७ बाइटचीच मर्यादा आहे. जावास्क्रिप्टमध्ये आकडा २ च्या ५३ व्या घातापर्यंत अचूक राहतो, पण त्यावर | ० केलं की तो ३२ बिट होतो आणि ५ जीबीचा पुन्हा १ जीबी. पूर्णांक करायला मॅथ.ट्रंक वापरा. पीएचपीत विंडोजवरचा ६४ बिट बिल्डसुद्धा ७ व्या आवृत्तीच्या आधी ३२ बिटांचेच पूर्णांक वापरत असे.

प्रतिसाद: धूळपाटी_२३

दोघांचेही आभार. हेडर केलं, सूची ८ बाइटची केली. आकार आता तिन्हीकडे बरोबर येतो. पायवर फाइलही उघडते.

नवीन दोन गोष्टी दिसल्या. एक: विंडोजवर ६,६५,७१,९९,३०८ बाइटची फाइल वाचताना अर्ध्याच्या आसपास वाचन थांबतं. दर वेळी त्याच जागी. एफईओएफ खरं, एफएरर शून्य. लिनक्सवर तीच फाइल शेवटपर्यंत वाचली जाते. आता सगळं ६४ बिट असूनही असं का?

दुसरं: १ एमबीचे तुकडे एफरीडने वाचून त्यात शब्द शोधतो. ग्रेप या शोधायच्या कमांडशी पडताळलं तर मराठी शब्दांची मोजणी थोडी कमी येते. इंग्रजी शब्दांचीही येते, पण क्वचित. फाइल यूटीएफ−८ आहे.

उत्तर: बाइटवाला

पहिल्याचं उत्तर: एफओपनला "आर" दिलंय ना? "आरबी" करा.

याचा आकाराशी संबंध नाही, फक्त मोठ्या फाइलमध्ये गाठ पडण्याची शक्यता जास्त. विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये १ए हा बाइट, म्हणजे कंट्रोल−झेड, फाइलचा शेवट मानला जातो. सीपी/एम फाइलचा आकार १२८ बाइटच्या नोंदींत मोजत असे, खरा शेवट कुठे ते कळायला मजकुरात ही खूण ठेवावी लागायची. तिथून ते डॉसमध्ये आलं आणि विंडोजच्या सी लायब्ररीत अजून आहे. लॉगमध्ये कुठेतरी बायनरी कचरा आला की त्यात १ए सापडायला वेळ लागत नाही. खात्री करायची तर बायनरी मोडमध्ये उघडा, _एफसीकआय६४ ने थांबल्या जागेच्या थोडं आधी जा आणि पुढचे १०० एक बाइट सोळाअंकी पद्धतीत छापा.

टेक्स्ट मोडचा दुसरा उपद्रव तुमच्या सूचीला आहे. सीआर−एलएफ ही जोडी वाचताना एकाच एलएफमध्ये बदलते, म्हणून तुम्ही मोजलेले बाइट आणि डिस्कवरचे बाइट दर ओळीला एकाने वेगळे पडतात. वाचलेल्या बाइटांची बेरीज करून ऑफसेट काढत असाल तर दहा लाखाव्या ओळीला सूची जवळजवळ दहा लाख बाइटने चुकलेली असेल. बायनरी मोडमध्ये हा प्रश्न नाही. ओळीच्या शेवटचा सीआर तेवढा स्वतः काढा.

उत्तर: सह्यकडा

मोजणी कमी येते कारण शब्द तुकड्यांच्या सीमेवर पडतो. अर्धा या तुकड्यात, अर्धा पुढच्यात, आणि तुम्ही दोन्ही तुकडे वेगवेगळे शोधता.

मराठीत हे जास्त का दिसतं ते बाइटांत पाहिलं की कळतं. 'म' हे एक अक्षर यूटीएफ−८ मध्ये तीन बाइटचं: ई०, ए४, एई. काना, मात्रा, हलन्त हे प्रत्येकी तीन. 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष, मिळून ९. 'महाराष्ट्र' हा शब्द म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र असा दहा चिन्हांचा, म्हणजे ३० बाइट. दहा अक्षरी इंग्रजी शब्द १० बाइटचा. सीमेवर सापडण्याची शक्यता तिप्पट.

उपाय एकच ओळीचा आहे, पण काळजीपूर्वक लिहावा लागतो. शोधायच्या शब्दाच्या बाइटांची संख्या 'न' असेल तर प्रत्येक तुकड्याचे शेवटचे न−१ बाइट बफरच्या सुरुवातीला हलवायचे आणि पुढचं वाचन त्यांच्या पुढे करायचं. 'महाराष्ट्र'साठी २९ बाइट. पूर्ण 'न' बाइट ठेवलेत तर सीमेला आतून चिकटलेला शब्द दोनदा मोजला जाईल, न−२ ठेवलेत तर एखादा सुटेल. हलवताना मेममूव्ह वापरा. आणि सापडलेल्या जागेचा ऑफसेट काढताना बफरची सुरुवात म्हणजे फाइलमधली कुठली जागा, हे वेगळ्या इंट६४_टी मध्ये ठेवा. मागून आणलेले २९ बाइट त्यातून वजा करायला विसरलं की प्रत्येक जागा २९ ने पुढे दिसते.

शब्दाऐवजी ओळीवर काम करायचं असेल तर तुकड्यातल्या शेवटच्या एलएफपर्यंतचं घ्या आणि उरलेली अपुरी ओळ पुढे न्या. यूटीएफ−८ मध्ये ०ए हा बाइट दुसऱ्या कुठल्याही अक्षराच्या पोटात येत नाही, त्यामुळे तिथे कापलं तर अक्षर कधीच तुटत नाही. मात्र एखादी ओळच बफरपेक्षा मोठी निघाली तर काय करायचं ते आधी ठरवा. अख्खी जेसन एकाच ओळीत लिहिणारे लोक आहेत. बफर दुप्पट करत जा आणि वर एक कमाल मर्यादा ठेवा, नाहीतर ५ जीबीची ओळ ५ जीबीचा बफर मागेल.

आकाराशी संबंध नसलेली एक गोष्ट, पण ग्रेपशी ताळा बसवताना आड येईल म्हणून सांगतो. 'ऱ' दोन तऱ्हेने लिहिलेला सापडतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं. 'ऱ्य'मधला अर्धा र काही कीबोर्ड तिसऱ्याच पद्धतीने, र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक असा लिहितात. पडद्यावर तिन्ही सारखे, बाइट वेगळे. 'तऱ्हा' शोधताना मोजणी कमी आली तर तुकड्यांना दोष देण्याआधी हे तपासा.

तुकड्याचा आकार १ एमबी ठीक आहे. ५ जीबी फाइल ४ केबीच्या तुकड्यांत वाचली तर १३,१०,७२० वेळा वाचन करावं लागतं, १ एमबीच्या तुकड्यांत ५,१२० वेळा. त्यापुढे १६, ३२ एमबी करून फारसं हाती लागत नाही, उलट प्रोसेसरच्या कॅशमध्ये मावत नाही म्हणून थोडं मंदावू शकतं. उलट्या टोकाला, एकाच दमात सगळं मागू नका. लिनक्सचा रीड एका वेळी २,१४,७४,७९,५५२ बाइटच्या वर देतच नाही, ६४ बिटांवरही, आणि विंडोजच्या रीडफाइलला मागणीच डीवर्डमध्ये सांगावी लागते. काहीही असो, परत आलेला आकडा मागितलेल्याइतका असेलच असं धरू नका. रीडने कमी दिलं म्हणजे फाइल संपली असं नाही. शून्य दिलं म्हणजे संपली.

मेमरी मॅपिंग कुणीतरी सुचवेलच. ६४ बिटांवर छान चालतं. ३२ बिट पायवर ५ जीबी एकदम मॅप होणारच नाही, तेवढे पत्तेच नाहीत. खिडकी सरकवत न्यावी लागते, आणि खिडकीची सुरुवात विंडोजवर ६४ केबीच्या पटीत, लिनक्सवर पानाच्या आकाराच्या पटीत हवी. शिवाय वाचताना डिस्कने दगा दिला तर एफरीड चूक परत करतो, मॅप केलेल्या जागेत मात्र लिनक्सवर सिगबस हा सिग्नल येऊन प्रोग्रॅम खलास. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाच वाचायच्या कामाला एफरीड पुरे.

उत्तर: पाऊण_बाइट

चाचणी कशी करायची ते राहिलं. त्यासाठी खरी ६ जीबीची फाइल बाळगायची गरज नाही.

लिनक्सवर ट्रंकेट −एस ४२९४९६७२९७ आणि फाइलचं नाव. क्षणात पोकळ (स्पार्स) फाइल तयार होते, एलएस −एल ला आकार पूर्ण दिसतो, डिस्कवर अडलेली जागा दाखवणाऱ्या डीयू ला जवळजवळ शून्य. मधली जागा वाचली तर शून्यं मिळतात. विंडोजवर एनटीएफएस ड्राइव्हवर तीन पायऱ्या: एफएसयूटिल फाइल क्रिएटन्यू ने ० आकाराची फाइल, मग एफएसयूटिल स्पार्स सेटफ्लॅग, मग एफएसयूटिल फाइल सेटईओएफ ने आकार. मधली पायरी गाळून क्रिएटन्यूलाच ५ जीबी दिले तर फाइल तयार होते, पण जागा खरोखर अडते. आणि शेवटी काही लिहायला गेलात की आधीची सगळी जागा शून्यांनी भरेपर्यंत थांबावं लागतं.

आकार सीमेवरचे घ्या: २ चा ३१ वा घात, त्यातून एक कमी, त्यात एक जास्त, आणि तसेच तीन ३२ व्या घाताचे. सहा फायली. प्रत्येकीत शेवटच्या ३० बाइटांत 'महाराष्ट्र' लिहा आणि आणखी एक 'महाराष्ट्र' बरोबर १ एमबीच्या सीमेवर, १०,४८,५६१ या ऑफसेटपासून. त्यातले १५ बाइट अलीकडे, १५ पलीकडे पडतात. प्रत्येक फाइलमध्ये मोजणी २ आली पाहिजे आणि दुसऱ्याचा ऑफसेट आकारातून ३० वजा केल्याइतका. ५ जीबीची एक गोल फाइल घेऊन 'चालतंय' म्हणू नका. चिन्हाच्या बिटाची चूक तिच्यात दिसत नाही, तुमच्याच पहिल्या फाइलने आकडा कमी दाखवला, उणे नाही.

अशा फाइलवर वेग मात्र मोजू नका. डिस्क जागची हलत नाही आणि आकडे फसवे छान येतात.

या फायली पेनड्राइव्हवर न्यायच्या असतील तर तो एफएटी३२ आहे का पाहा. त्यावर एका फाइलची कमाल मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ बाइट, आणि पोकळ फाइल तिथे गेली की भरीव होते. सहांपैकी दोन त्यावर मावणारच नाहीत. एक्सफॅट करून घ्या. आणि फायली जीझिप करून नेल्यात तर जीझिप −एल चा आकडा पाहून दचकू नका. त्या स्वरूपात मूळ आकारासाठी शेवटी ४ च बाइट राखलेले आहेत, त्यामुळे जुन्या आवृत्त्या ५ जीबीच्या फाइलचाही मूळ आकार १,०७,३७,४१,८२४ च सांगतात.